टाके निघाल्यानंतरचे काम: दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या मनाची काळजी

दुभंगलेला ओठ किंवा टाळू (तोंडाच्या आतले छत) घेऊन बाळ जन्माला आले की घरात तारखांची चर्चा सुरू होते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान, हिरडीच्या फटीत हाड भरण्याची आठव्या ते अकराव्या वर्षी आणि गरज पडली तर जबड्याची, वाढ पूर्ण झाल्यावर. हे वेळापत्रक डॉक्टर फाइलवर लिहून देतात. ‘माझा ओठ असा का आहे?’ हे मूल कोणत्या दिवशी विचारील ते मात्र फाइलवर लिहिलेले नसते, आणि तो दिवस उजाडतो तेव्हा बहुतेक घरांत उत्तर तयार नसते. हा लेख त्या उत्तराविषयी आणि पुढे लग्नाच्या वयापर्यंत येत राहणाऱ्या प्रश्नांविषयी आहे.

माझा जन्म नागपूरचा. डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. अलीकडची काही वर्षे मी अशा मुलांच्या पालकांशी बोलत आलो आहे. शस्त्रक्रियेबाबत अंतिम शब्द डॉक्टरांचाच, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. व्रण जितका मोठा तितके मनाचे दुखणे मोठे, असा सरळ हिशेब लागत नाही, असे या विषयावरच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. जेमतेम दिसणारी रेघ असलेली मुलगी मैत्रिणींच्या वाढदिवसाला जाणे बंद करते, आणि दोन्ही बाजूंनी ओठ शिवलेला मुलगा मोहल्ल्याच्या गणपतीत माइक हातात घेऊन निवेदन करतो, हे मी पाहिले आहे. माझ्या मते हा फरक बऱ्याचदा घरातून पडतो: ज्या घरात या विषयासाठी साधे, न लाजता उच्चारता येणारे शब्द आहेत, तिथले मूल बाहेरच्या शब्दांना कमी घाबरते.

पहिली पायरी: मोठ्यांनी आधी आपसांत बोलून घ्यावे

आपल्याकडे या व्यंगाचा ठपका ग्रहणावर आणि ग्रहणामार्फत आईवर येतो. ‘ग्रहणात विळीवर बसून भाजी चिरलीस, म्हणून लेकराचा ओठ कापला गेला’ हे वाक्य विदर्भातल्या किती माजघरांत उच्चारले गेले असेल याची मोजदाद नाही. मूल लहान आहे, त्याला काय कळते, असे समजून ते त्याच्यासमोर बोलले जाते. त्याला कळते ते इतकेच की आपल्या तोंडामुळे आईला बोलणी खावी लागतात.

म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, आजीसकट, खरे कारण एकदा शांतपणे समजावून सांगावे. गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत. दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग मध्यभागी एकमेकांना मिळायचे असतात. ते मिळाले नाहीत तर फट राहते. यामागे आनुवंशिकता आणि गर्भावस्थेतील काही घटक एकत्र येतात, आणि बहुतेक वेळा एकच कारण दाखवता येत नाही. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात हे आढळते, ग्रहण पाळणाऱ्या देशांत आणि न पाळणाऱ्याही. आजीला मी नेहमी एवढेच सांगतो की ओठ जुळण्याची वेळ येते तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. हा मुद्दा आज्यांना लगेच पटतो. गर्भशास्त्राची चित्रे दाखवून मला तसे यश कधी आले नाही.

आईच्या मनातला अपराधीपणा यानेही जाईलच असे नाही. तो राहिला तर ती मुलाला एकतर फार जपते किंवा त्याच्याकडे थेट पाहणे टाळते, आणि दोन्ही गोष्टी मुलाला जाणवतात. तेव्हा आईलाही बोलण्यासाठी कोणी हवे. समुपदेशक मिळाला तर उत्तम, नाहीतर अशाच मुलाची दुसरी आई.

दुसरी पायरी: मुलाला त्याची स्वतःची हकीकत द्यावी

ही हकीकत एका बैठकीत सांगायची नसते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘तू पोटात होतास तेव्हा ओठ पूर्ण जुळला नव्हता, डॉक्टरांनी तो शिवला, ही त्या शिवणीची रेघ’ एवढे पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला टाळू म्हणजे काय, आवाज नाकात का जातो, दात वाकडे का आले, हे आरशात दाखवून सांगता येते. बारा-तेराव्या वर्षी त्याची फाइल त्याच्या हातात द्यावी आणि बरोबर बसून वाचावी.

शस्त्रक्रियेआधीचा फोटो दडवू नये. पुष्कळ घरांत तसा फोटो काढलेलाच नसतो; बारशाचे फोटोही तोंडावर दुपटे ओढून काढलेले असतात. आमच्या घरी एकच होता, आईच्या शालूच्या घडीत. मी तेरा वर्षांचा असताना तो मला सापडला. त्यातला ओठ पाहून मला धक्का बसला नाही. तो लपवून ठेवला होता, याचा बसला. जी गोष्ट शालूच्या घडीत ठेवावी लागते ती वाईटच असणार, असा अर्थ त्या वयात कोणीही काढील. तो फोटो इतर फोटोंच्या रांगेतच, अल्बममध्ये असावा, आणि त्याच्याबरोबर एखादी आठवण असावी: दूध चमच्या-वाटीने किती वेळ पाजावे लागायचे, कोण रात्रभर मांडीवर घेऊन बसायचे.

शब्दांचीही निवड करावी. ‘फाटका ओठ’ हा शब्द वापरात आहे, पण घरात तो वापरू नये. ‘जन्मताच ओठ जुळला नव्हता’ हे लांब असले तरी खरे आहे आणि त्यात हिणवणे नाही. ‘देवाने तुला खास बनवले’ हेही मी टाळतो. मुलांना त्यातली सारवासारव लगेच ओळखू येते.

तिसरी पायरी: बाहेरच्यांना द्यायचे उत्तर पाठ असावे

‘काय झालं बे तुझ्या ओठाला?’ हा प्रश्न नागपुरात मैदानावर, शिकवणीच्या बाहेर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईटच असते असे नाही. तरी ऐन वेळी उत्तर सुचत नाही, म्हणून ते आधी तयार असावे. चेहऱ्यावर वेगळेपण असलेल्या लोकांसाठी ब्रिटनमध्ये १९९२ पासून काम करणारी ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था यासाठी तीन भागांचा एक क्रम शिकवते: थोडक्यात समजावणे, समोरच्याला आश्वस्त करणे आणि विषय बदलणे. आपल्या बोलीत ते असे होईल: ‘जन्मताच जुळला नव्हता, ऑपरेशन झालंय. दुखत-बिखत नाही. तू कोणत्या टीममध्ये आहेस?’

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यामुळे बोलण्याची दोरी मुलाच्या हातात येते. घरात भाऊ, बहीण, बाबा यांनी विचारणाऱ्याची भूमिका घेऊन याचा सराव करावा. कधी साधे विचारावे, कधी मुद्दाम खवचटपणे. दोन-तीन वेगवेगळी उत्तरे तयार असावीत, त्यांपैकी एक अगदी लहान. ‘मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि ते देण्याचा मुलाला हक्क आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे.

मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत पालकांनी त्याच्यादेखत उत्तर द्यावे, म्हणजे ते ऐकून शिकते. त्यानंतर मुलाकडे पाहावे, त्याला बोलायचे असेल तर बोलू द्यावे. लग्नात कोणी आत्याबाई ‘अरेरे, पोरीची जात आणि हे असं’ म्हणाल्याच, तर त्यांना तिथल्या तिथे, मुलीला ऐकू येईल अशा आवाजात, सौम्यपणे थांबवावे. नात्यातला थोडा कडवटपणा परवडतो. आपण गप्प बसलो हे मुलीच्या लक्षात राहणे परवडत नाही.

चौथी पायरी: शाळा सुरू होण्याआधी शाळेत जाऊन यावे

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात. त्याआधी किंवा पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी सांगाव्यात. मुलाच्या बोलण्यात दोष असला तरी बुद्धीत नाही, ही पहिली. दुसरी ऐकण्याविषयी: टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचे प्रमाण जास्त असते आणि त्यामुळे काही काळ ऐकू कमी येते, ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्याआधी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहावे, आणि पालकांनी कान तपासून घ्यावेत. तिसरी गोष्ट, शस्त्रक्रियेसाठी तो केव्हा आणि किती दिवस गैरहजर राहील.

एक चौथीही सांगावी असे मला वाटते, ती हजेरीची. माझा हजेरी क्रमांक अठरा होता. पंधरावा क्रमांक पुकारला की माझ्या घशाला कोरड पडायची. ‘प्रेझेंट सर’ या दोन शब्दांत प, झ, ट, स असे चार उच्चार आहेत, आणि चारही उच्चारांना तोंडात हवा कोंडून धरावी लागते. टाळू नीट मिटत नसेल तर तीच हवा नाकातून निसटते. ती निसटायची, आणि मागच्या बाकावरून माझाच आवाज मला परत ऐकू यायचा. एका सरांनी मला ते तीनदा म्हणायला लावले; सुधारावे म्हणूनच लावले असेल. सातवीत एक नव्या बाई आल्या. त्यांनी हजेरीला हात वर करायचा नियम केला, मला एकट्याला नव्हे, सगळ्या वर्गाला. त्यांनी मला याबद्दल कधी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही, पण त्या वर्षापासून माझे सकाळी पोट दुखणे थांबले. तोंडी परीक्षा, कवितावाचन, प्रार्थनेनंतरचा सुविचार, या सगळ्यांत शिक्षकांनी अशीच वाट काढावी: मुलाला वगळू नये, पण त्याची तयारी आहे का हे आधी खाजगीत विचारावे.

चिडवण्याचे रूप गावागावाप्रमाणे बदलते. ‘गेंगाण्या’ हा शब्द सगळीकडे आहे. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दिवसांत एखाद्या मुलीच्या वाट्याला ‘मारबत’ही येते, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक काढून जाळतात तो पुतळा. मुलाने घरी येऊन सांगितले तर ‘दुर्लक्ष कर’ हे पहिले उत्तर नसावे. कोण, कधी, काय म्हणाले, तेव्हा आसपास कोण होते, हे तारखेसह वहीत लिहावे, मुलाला काय व्हावेसे वाटते ते विचारावे आणि मगच शाळेकडे जावे. एखादा शिक्षकच नक्कल करीत असेल तर प्रकरण वेगळे होते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. अशा वेळी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पाचवी पायरी: उच्चारांचे ओझे खेळांवर टाकू नये

टाळू न मिटल्याने ‘ब’ म्हणताना हवा नाकात जाते आणि ऐकणाऱ्याला ‘म’ ऐकू येतो. त्यामुळे मूल ‘बाबा’ म्हणते आणि घरातले ‘मामा’ ऐकतात, त्यावर हसतात, आणि दोन वर्षांचे मूल पुन्हा बोलायचे थांबते. येथे हसण्याऐवजी ‘हो, बाबा आले’ असे म्हणून योग्य शब्द सहज परत द्यावा. त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, स्ट्रॉने पाणी ओढणे असे व्यायाम अजूनही सुचवले जातात. केवळ फुंकण्याने उच्चार सुधारतात असे दिसून आलेले नाही. उच्चार सुधारतात ते उच्चारांच्या सरावाने, स्पीच थेरपिस्टच्या मदतीने, आणि टाळू मुळातच कमी पडत असेल तर आणखी एका शस्त्रक्रियेने. तेव्हा वाढदिवसाला फुगा फुगला नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला ‘रोज कर, जमेल’ असे सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

टाळूत बारीक भोक राहिले असेल तर खाताना पातळ पदार्थ नाकातून येतात. तर्री पोह्याची तर्री नाकात गेली तर काय होते ते ज्याच्या नाकात गेली आहे त्यालाच ठाऊक. असा मुलगा मित्रांबरोबर ठेल्यावर जाणे टाळतो आणि घरी ‘भूक नाही’ सांगतो. चारचौघांत खाणे टाळले जात असेल तर आधी टाळू तपासून घ्यावी. काही वेळा संकोचाचे मूळ या भोकात असते आणि ते बंद करता येते.

सहावी पायरी: किशोरवयात आडोसे ओळखावेत, हिसकावून घेऊ नयेत

नागपूरचे ऊन मुलींना एक सोय करून देते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गाडीवरची प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधून घेते. त्या गर्दीत ओठावर व्रण असलेली मुलगी कोणती, हे कोणालाच कळत नाही. अनेक मुलींनी मला सांगितले की उन्हाळा त्यांचा सर्वांत सुखाचा ऋतू आहे. प्रश्न ऑगस्टमध्ये येतो, जेव्हा पाऊस पडत असतो आणि स्कार्फ वर्गातही सुटत नाही. कोविडनंतर मास्कचेही तसेच झाले.

‘काढ तो आधी’ म्हणून उपयोग होत नाही. आडोसा टप्प्याटप्प्याने कमी करावा: आधी एका मैत्रिणीसमोर, मग शिकवणीच्या छोट्या तुकडीत, मग वर्गात, मग गर्दीत. प्रत्येक टप्प्यावर भीती कमी होईपर्यंत थांबावे, काही आठवडे लागले तरी चालतील. आपण समजत होतो तितके लोक पाहत नाहीत, हे तिला स्वतः अनुभवू द्यावे. आपण सांगून ते पटत नाही.

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याबद्दल एक बारकी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या पडद्यावर आपण स्वतःला आरशासारखे, डावे-उजवे उलटे पाहतो, आणि दुसऱ्याने काढलेल्या फोटोत सुलटे. दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या चेहऱ्याला हा फरक जास्त जाणवतो, आणि ‘फोटोत मी फारच विचित्र दिसते’ असे वाटते. चेहरा बदललेला नसतो, फक्त सवयीचा कोन बदललेला असतो. एवढे समजावल्यावर ग्रुप फोटोतून पळ काढणारी एक मुलगी निदान कडेला उभी राहू लागली.

मुलांचा आडोसा मिशीचा असतो, आणि तो दगा देतो, कारण व्रणावर केस उगवत नाहीत. माझी मिशी आजही डावीकडे तुटलेली आहे. मुलगा दाढी-मिशी करायला शिकतो तेव्हा वडिलांनी, काकांनी हा विषय काढावा. तो स्वतःहून काढणार नाही.

सातवी पायरी: पुढची शस्त्रक्रिया कोणाला हवी आहे, हे विचारावे

बाळाच्या वेळी निर्णय आईवडिलांचा असतो. बारा वर्षांनंतर तो हळूहळू मुलाकडे जावा. नाक सरळ करणे, ओठाची रेघ सुधारणे, जबडा पुढे आणणे यांतल्या काही गोष्टी खाण्या-बोलण्यासाठी आवश्यक असतात आणि काही फक्त दिसण्यासाठी. कोणती कशासाठी आहे हे डॉक्टरांकडून मुलासमोर स्पष्ट करून घ्यावे. ‘आत्ता नको’ हे उत्तर मान्य करावे. उलट, ‘हे ऑपरेशन झालं की सगळे मित्र होतील’ अशी अपेक्षा मुलाच्या बोलण्यात दिसली तर थांबावे आणि त्या अपेक्षेवर आधी बोलावे. नवा व्रण काही महिने लालसर असतो आणि वर्षभर बदलत राहतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायलाही वेळ लागतो.

येथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे, आणि त्याची पथके अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत तपासणीला येतात. पण हा कार्यक्रम १८ वर्षे वयापर्यंतच आहे. जबड्याची शस्त्रक्रिया नेमकी त्याच सुमारास करायची असते. म्हणून सोळाव्या वर्षीच डॉक्टरांना पुढचे वेळापत्रक विचारावे आणि खर्चाची व्यवस्था लावून ठेवावी. ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था भारतात २००० पासून भागीदार रुग्णालयांमार्फत ओठ-टाळूच्या मोफत शस्त्रक्रियांना मदत करते. तिचीही चौकशी करावी. नागपुरात दात, जबडा आणि हाड भरण्याच्या प्रश्नांसाठी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात विचारणा करता येते.

तज्ज्ञांची मदत केव्हा घ्यावी

उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-जेवण बिघडले, शाळा किंवा कॉलेज सुटू लागले, आरशासमोर तासन्‌तास जाऊ लागले किंवा घरातले आरसेच झाकले जाऊ लागले, तर वाट पाहू नये. नागपुरात मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

पहिल्या भेटीला जाताना मुलाची शस्त्रक्रियांची फाइल बरोबर न्यावी, आणि काही वेळ मुलाला एकट्याने बोलू द्यावे.

आठवी पायरी: लग्नाचा विषय

बायोडेटाचा फोटो काढताना एका बाजूने, सावलीत, किंवा अलीकडे मोबाइलवर व्रण पुसून देण्याची पद्धत आहे. तसे करू नये. पोह्यांच्या कार्यक्रमात समोरच्याची नजर ओठावर थबकते, आणि ज्याने फोटो पुसून पाठवायला लावला तो मात्र तेव्हा स्वयंपाकघरात असतो. फोटो समोरून घ्यावा आणि पहिल्या फोनवरच एका वाक्यात सांगावे. स्थळे कमी येतील, पण भेटीची वेळ येईल ती सगळे माहीत असलेल्या माणसांशी.

‘मुलांना होईल का?’ हा प्रश्न सासरचे विचारण्याआधी स्वतःलाच पडलेला असतो. एका पालकाला दुभंगलेला ओठ असेल आणि त्यासोबत दुसरा कोणताही सिंड्रोम नसेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शंभरात तीन ते पाच इतकी मानली जाते, म्हणजे न होण्याची शक्यता पंच्याण्णव ते सत्त्याण्णव. घराण्यात आणखी कोणाला असेल तर हा आकडा बदलतो, म्हणून लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून आनुवंशिकता समुपदेशन घ्यावे. दिवस राहण्याच्या आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड सुरू करावे. बिडी-सिगारेट, खर्रा आणि दारू यांपासून दूर राहावे. फिट्सची औषधे चालू असतील तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत, कारण त्यांतली काही औषधे हा धोका वाढवतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठाची फट बहुधा दिसते. टाळू एकटीच दुभंगलेली असेल तर ती बहुधा दिसत नाही, म्हणून बाळ जन्मल्यावर पहिल्याच दिवशी बॅटरीच्या उजेडात त्याची टाळू मागपर्यंत पाहून घेण्यास डॉक्टरांना सांगावे.